शेपटाकडून पाणी: एका सरपंचाची आठवण लिहिताना

भाऊंच्या तेरवीला पंगती उठल्या आणि आम्ही पंधरा-वीस जण समाजमंदिराच्या ओट्यावर बसलो. विषय अर्थातच स्मारकाचा. कोणी म्हणालं बसथांब्यावर पुतळा, कोणी म्हणालं गावाच्या तोंडाशी प्रवेशद्वार. पहिल्या पुण्यतिथीला स्मरणिका काढायचं मात्र सगळ्यांनाच पटलं, आणि तिचा मुख्य लेख माझ्याकडे आला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, गावातलाच आहे, एवढं कारण पुरलं.

मी गावाकडून आठवणी लिहून मागवल्या. महिनाभरात कागद जमले. गोरगरिबांचे कैवारी, तळमळीचे कार्यकर्ते, अजातशत्रू व्यक्तिमत्त्व. अजातशत्रू हा शब्द चार कागदांवर होता. त्यातले दोन कागद ज्या घरांतून आले, त्या घरांतल्या वडीलधाऱ्यांनी भाऊंविरुद्ध अविश्वास ठराव आणला होता. सातपैकी पाच सदस्यांनी हात वर केले आणि भाऊ सरपंचपदावरून उतरले. तेव्हा मी शाळकरी पोरगा होतो, पण ती संध्याकाळ मला लख्ख आठवते.

ते कागद लिहिणाऱ्या मुलांच्या मनात खोट नव्हती. माणूस गेला की त्याच्याशी झालेलं भांडण सोडून द्यायचं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि ती चांगलीच आहे. पण भाऊंच्या बाबतीत भांडण पुसलं तर भाऊंचं कामही त्याच्याबरोबर पुसलं जातं, कारण ते भांडणच त्यांचं सगळ्यात मोठं काम होतं. म्हणून त्या एका प्रकरणाची पूर्ण नोंद करायचं मी ठरवलं. माणसांची नावं आणि गावाचं नाव देत नाही. आणि आधीच सांगतो, आमची दीड एकर बांधी तलावाच्या नहरीच्या शेपटाला, म्हणजे शेवटच्या टोकाला आहे. या भांडणात आमचं घर एका बाजूचं होतं.

तलाव कुणाचा

गाव भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांच्या सीमेवरचं, धानाचं. या भागात शेताला शेत कोणी म्हणत नाही, बांधी म्हणतात. चारी बाजूंनी धुरा, मधे पाणी, पाण्यात धान. मृगात पऱ्हे, म्हणजे रोपं टाकायची, पाऊस लागला की रोवणी. भारी, म्हणजे उशिरा येणारं धान असेल तर दिवाळीच्या तोंडावर कापणी. पाऊस हस्तापर्यंत नीट राहिला तर तलावाकडे कोणी फिरकतही नाही. हस्त कोरडा गेला की सगळ्या गावाचे डोळे तलावाच्या पाळीकडे, म्हणजे बांधाकडे लागतात, कारण तेव्हा भारी धान नुकतं निसवत असतं. त्या पंधरवड्यात बांधीतला ओलावा तुटला की लोंबी उभी राहते, पण आत दाणा भरत नाही.

आमचा तलाव मालगुजाराच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या काळातला. या पट्ट्यात असे हजारो तलाव आहेत. त्यातले कितीतरी कोहळी समाजाच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या कसबाने बांधले. उतार ओळखून पाळ घालायची, सांडव्याचं पाणी खालच्या गावच्या तलावात पोचवायचं, अशी साखळीच असे. तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, 1951 साली तलाव सरकारजमा झाले, आणि त्यांना माजी मालगुजारी तलाव हे लांबलचक नाव पडलं. लोकांनी त्याचं मामा तलाव केलं. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, मग लहान तलाव त्यांच्याकडे गेले. साधारण 100 हेक्टरच्या आत ओलीत करणारा तलाव जिल्हा परिषदेचा, त्याहून मोठा राज्याचा.

मालगुजार होता तेव्हा पाळीवर माती टाकायला गाव जात असे. त्यात वेठही होती, ते दिवस परत यावेत असं कोणालाच वाटत नाही. पण तलाव कोणाचा, हे तरी ठाऊक होतं. सरकारजमा झाल्यावर दुरुस्ती करणारा कार्यालयात बसला आणि पाणी घेणारा बांधीत उभा राहिला. मधली जागा रिकामी पडली. पाळीवर बेशरमाची झुडपं वाढली, तळात गाळ साचला, आणि पाणीवाटपाला एकच नियम उरला: ज्याची बांधी वर, त्याचं पाणी आधी. वरचे बांधी गुडघाभर भरून घेत. उरलंसुरलं खाली. आमच्या आजोबांनी याला कधी अन्याय म्हटलं नाही. शेपटाची जमीन स्वस्तात मिळाली होती, पाणी कमी मिळणार हे धरूनच ती घेतली होती.

तो ऑक्टोबर

1980 च्या दशकातलं एक अपुऱ्या पावसाचं वर्ष. रोवणीच उशिरा झाली. हस्त लागला तेव्हा तलाव निम्म्याच्याही खाली होता. भाऊ सरपंच होऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांची स्वतःची पाच एकर बांधी तुडुमाला लागून, म्हणजे गावातली सगळ्यात सुखाची. तुडुम म्हणजे पाळीतून पाणी सोडायची जागा. उंचीप्रमाणे एकाखाली एक भोकं आणि त्यांना लाकडाच्या डाटा. वरची डाट काढली की वरचं पाणी, ते उतरलं की खालची.

भाऊंनी चावडीवर सभा घेतली आणि सांगितलं की यंदा पाणी शेपटाकडून सुरू करायचं. पहिली पाळी शेवटच्या बांधीची, मग वर वर येत तुडुमाशी संपायचं. एका बांधीत चार बोटं पाणी, त्याच्यावर नाही. माझे वडील सभेत होते. ते सांगायचे की ऐकल्यावर आधी शेपटाचेच लोक घाबरले. एवढ्या वर्षांनी कोणी आपल्या बाजूने बोलत असेल तर त्यात काहीतरी भानगड असणार, असंच त्यांना वाटलं.

वरच्या शेतकऱ्यांचं म्हणणं मी नीट लिहून ठेवतो, कारण गावात आता ते कोणी सांगत नाही. त्यांचा मुद्दा साधा होता आणि हिशेबाचा होता. नहर कच्ची, मातीची, गवताने भरलेली. तुडुमातून निघालेल्या पाण्यातलं कितीतरी पाणी शेपटापर्यंत पोचेतो मुरणार. त्यापेक्षा वरच्या बांध्या पूर्ण पिकवल्या तर त्याच पाण्यात गावाचं एकूण धान जास्त होईल. शेपटावाल्यांना वरचे मजुरी देतील, लागलं तर उसने पायलीभर तांदूळही देतील. आजवर असंच चालत आलं होतं. शेवटचा मुद्दा कायद्याचा होता. तलाव जिल्हा परिषदेचा, त्यातलं पाणी वाटायचा सरपंचाला अधिकार काय?

हा शेवटचा मुद्दा कागदावर बरोबर होता. ग्रामपंचायतीला त्या तलावाच्या पाण्यावर तसा अधिकार नव्हताच. भाऊंनी तो असल्याचा दावाही केला नाही. ते एवढंच म्हणाले की अधिकार नाही तसा मनाई करणाराही इथे कोणी आलेला नाही, तोवर गाव मिळून ठरवू.

मुरण्याच्या मुद्द्याला मात्र त्यांनी कामाने उत्तर दिलं. तीन दिवस नहर साफ करायची आणि ज्याच्या घरचा माणूस कुदळ घेऊन येईल त्याची पाळी पक्की. शेपटाच्या घरांतून बाया-माणसं सगळी उतरली. भाऊंची समज अशी होती की कोरडी नहर एकदा भिजायला पाणी पिणारच, ते पहिल्याच दिवशी पिऊ द्यावं. मग पाणी खालून वर येत जाईल तसतशी नहर आधीच ओली असते. शिवाय नहरीच्या कडेला असलेल्या वरच्या बांध्यांना वाहत्या पाण्याचा झिरपा आपोआप लागतो, खालच्यांना तो कधीच लागत नाही. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वरच्याची पाळी शेवटी असली की नहर फुटू नये, पाणी वाया जाऊ नये, याची काळजी वरचाच घेतो. पुढे मी पाणी वापर संस्थांबद्दल वाचलं तेव्हा कळलं की शेपटाकडून सुरुवात करण्याची ही पद्धत पाण्याच्या कामातले जाणकार लोकही सांगतात. भाऊंनी ते कुठे वाचलं नव्हतं. दहावी नापास माणूस, पण बांधीत उभा राहून पाणी कुठे जातं ते त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

पाणी बारा दिवस चाललं. भाऊ रात्री पाळीवर झोपत. हाताशी टॉर्च आणि उशाशी गजराचं घड्याळ. दोनदा कोणीतरी मधेच नहर फोडली. एकदा भाऊंनी स्वतः चिखलात उतरून ती बांधली, दुसऱ्या वेळी फोडणाराच सकाळी येऊन बांधून गेला. त्याने का बांधली ते मला कधी कळलं नाही, पण वडील ही गोष्ट प्रत्येक वेळी सांगत.

शेपटाच्या बांध्या पिकल्या. आमच्या घरी त्या वर्षी पहिल्यांदा आपल्या बांधीचं धान कोठीत उन्हाळ्यापर्यंत टिकलं. मधल्या बांध्या बऱ्यापैकी साधल्या. वर येता येता पाणी कमी पडलं आणि तुडुमाजवळचं धान बरंच पोचट गेलं. त्यात भाऊंची पाच एकरही होती. वरच्या शेतकऱ्यांचं नुकसान खरं होतं, त्यांनी बोभाटा केला तो खोटा नव्हता, आणि ते भरून द्यायला भाऊंकडे काहीच नव्हतं.

पुढच्या काही महिन्यांत अविश्वास ठराव आला आणि मंजूर झाला. ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात कारण एका ओळीत आहे: सरपंच सदस्यांना विश्वासात न घेता मनमानी कारभार करतात. तलाव, नहर, पाणी, धान यातला एकही शब्द त्या पानावर नाही. गावाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा निर्णय सरकारी दप्तरात एवढाच उरला. उलट समाजमंदिराच्या भिंतीवर भाऊंच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. समाजमंदिर योजनेत आलेलं. सरपंच दुसरा कोणी असता तरी ते आलंच असतं.

पद गेल्यावर

काकूंनी ट्रंकेतून नऊ वह्या काढून दिल्या. "बाबू, घेऊन जा, पन आनून दे," एवढंच म्हणाल्या. लांबट, लाल कापडी पाठीच्या, दुकानदार उधारीला ठेवतात तशा. पहिल्या वहीचं पहिलं पान त्या ऑक्टोबरचं. दिनांक, बांधीचं नाव, माणसाचं नाव, डाट किती वाजता काढली, किती वाजता घातली. आमच्या बांधीसमोर आजोबांचं नाव आणि वेळ: पहाटे साडेतीन ते सकाळी सात. ती ओळ वाचली तेव्हा मी वही थोडा वेळ बाजूला ठेवली.

पण मी जास्त हललो ते पुढच्या वह्यांमुळे. भाऊ पदावर नव्हते तरी वह्या चालूच आहेत. नवे सरपंच आले, त्यांनी पहिल्या वर्षी जुनी पद्धत परत आणली. दुसऱ्या वर्षी हस्त पुन्हा ताणला आणि भांडण डोकी फुटण्यापर्यंत गेलं. तेव्हा वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंनी भाऊंना बोलावणं गेलं की पाणकर तुम्ही व्हा. पाणकर म्हणजे पाणी वाटणारा, त्याला कापणीनंतर घरटी थोडं धान मिळतं. ज्याला सरपंच म्हणून काढलं त्यालाच पाणकर म्हणून बोलावलं. भाऊ गेले. पद गेल्याची खंत असेल तर ती त्यांच्या तोंडून मी तरी ऐकली नाही, आणि वह्यांतही ती कुठे नाही.

नियम त्यांनी जसाच्या तसा रेटला नाही. बऱ्या वर्षी वरून सुरुवात, ताणाच्या वर्षी शेपटाकडून, आणि वर्ष कोणतं ते हस्ताच्या आधी तलावात पाणी किती यावर ठरायचं. पाळीच्या दगडावर त्यांनी चुन्याची खूण केली होती. वरच्यांना आधी कळायला हवं, म्हणजे ते त्या वर्षी थोडं हलकं, लवकर येणारं धान लावतील, असा हिशेब. पहिल्या वर्षी त्यांनी वरच्यांना ही सवड दिली नव्हती. ती चूक त्यांना कळली होती, असं या खुणेवरून मी समजतो.

मधे एक मुदत ते पंचायत समितीवर होते. तेव्हा रोजगार हमीच्या कामांची मागणी करताना सगळ्या गावांना रस्ते हवे असत, भाऊंना तलावाचं खोदकाम हवं होतं. रोजगार हमी महाराष्ट्रात 1972 च्या दुष्काळात उभी राहिली, तिचा कायदा 1977 चा, अंमल 26 जानेवारी 1979 पासून. बाया आणि पुरुष दोघांनाही खोदलेल्या मातीप्रमाणे सारखीच मजुरी, ही त्यातली मोठी गोष्ट. भाऊ आठवड्याच्या मोजमापाला स्वतः फीत धरून उभे राहत, कारण मोजमाप पुस्तिकेत खोली कमी लिहिली की हजेरीपटावर नाव असूनही पदरात कमी पडतं. माझी आई त्या कामावर होती. तिला भाऊंचं पंचायत समितीतलं पद आठवत नाही, फीत धरलेले भाऊ आठवतात.

मासोळीचं पाणी

वह्यांतली एक गोष्ट मी लेखात घ्यावी की नाही, यावर घरात वाद झाला. घेतली.

त्या पहिल्या ऑक्टोबरात भाऊंनी शेवटची डाटही काढली होती. तलाव तळाला गेला. आमच्या तलावात ढिवर समाजाची मासेमारी चालते. त्यांच्या संस्थेने बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं सोडलेली होती, ती मेली. चावडीवरच्या सभेत एकाही ढिवराला बोलावलं नव्हतं. बांधी असलेल्यांची सभा ती. ज्यांची बांधी नाही त्यांचाही तलाव आहे, हे न्यायाची बाजू घेणाऱ्या भाऊंनाही सुचलं नव्हतं. शेपटाच्या आम्हालाही सुचलं नव्हतं. आम्ही स्वतःला शेवटचे समजत होतो आणि आमच्या मागे आणखी लोक उभे होते.

हे सुचवलं एका ढिवर बाईने, पुष्कळ वर्षांनी. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला अमलात आली, बायांना ग्रामपंचायतीत राखीव जागा मिळाल्या आणि ती सदस्य झाली. ग्रामसभेत ती उठून भाऊंना म्हणाली, "तुमच्या धानाले पानी लागते, आमच्या मासोळीले नाही लागत का जी?" भाऊंनी उत्तर दिलं नाही. त्या वर्षीच्या वहीत पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात आहे: सर्वात खालची डाट काढू नये. मासोळीचं पाणी. त्याखाली भाऊंची सही, आणि शेजारी तिचा अंगठा.

लेख आणि स्मारक

कच्चा लेख मी अविश्वास ठरावाला हात वर करणाऱ्या त्या पाचांपैकी हयात असलेल्या एका आजोबांना वाचून दाखवला. त्यांची मुलं नाराज होती. मेलेल्या माणसाचं भांडण काऊन उकरता, असं त्यांनी मला आधीच सुनावलं होतं. आजोबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "लिवा. पन आमचा धान पोचट गेला तेही लिवा. पोरीचं लग्न पुढं ढकललो मी त्या साली." मी ते लिहिलं. मग ते आणखी एक वाक्य बोलले: भाऊ लग्नाला आले होते, आहेर म्हणून पोतंभर धान घेऊन. त्यांच्या मुलांनाही हे ठाऊक नव्हतं.

पुतळ्याचा विषय फार पुढे गेला नाही. सार्वजनिक रस्त्यांवर आणि पदपथांवर पुतळे उभारायला परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2013 चा आदेश आहे. राज्य शासनाच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते, पुढची देखभाल ज्याची त्याने करायची असते. हे सगळं मी ओट्यावर वाचून दाखवलं तेव्हा पुतळ्याचा आग्रह धरणारे प्रवेशद्वारावर आले. प्रवेशद्वार झालं आहे. कमानीवर भाऊंचं नाव आहे, रंगही चांगला दिला आहे. त्याला माझा विरोध नव्हता. गावात शिरताना नाव दिसतं, ते बघून काकूंना बरं वाटतं.

माझा हट्ट वह्यांसाठी होता. महिलांच्या ग्रामसभेत त्या ढिवर बाईने, आता ती बरीच म्हातारी झाली आहे, विषय मांडला की पाण्याचा नियम कुठेतरी लिहिलेला असावा, नाहीतर भाऊ गेले तसा नियमही जाईल. मोठ्या ग्रामसभेत त्यावर दोन तास बोलणं झालं. वरच्या बांध्यांच्या नव्या पिढीचं म्हणणं होतं की आता बोअर आहेत, तलावावर कोण अवलंबून आहे. शेपटाच्या एका पोराने विचारलं, मग लिहायला हरकत काय? ठराव मंजूर झाला: ताणाच्या वर्षी पाणी शेपटाकडून, एका बांधीत चार बोटं, खालची डाट कोणत्याही वर्षी काढायची नाही, आणि पाण्याची वही ग्रामपंचायतीच्या कपाटात राहील. वह्यांची छायाप्रत काढून मूळ वह्या मी काकूंना परत दिल्या.

तुडुम अजून गळतं. दुरुस्तीचा प्रस्ताव संबंधित कार्यालयात तीनदा गेला, तीनदा त्रुटी निघून परत आला. चौथ्यांदा पाठवला आहे. तोवर गळतीच्या जागी चिखल आणि पोती लावतात.

यंदा हस्त कोरडा गेला. पाणी चुन्याच्या खुणेच्या खाली होतं. नव्या वहीतली पहिली नोंद भाऊंच्या नातवाच्या अक्षरात आहे, नागपूरहून सुट्टी काढून तो आला होता. रात्री दहा वाजून वीस मिनिटं. बांधी शेवटची, आमच्याही पलीकडची, एका विधवा बाईची अर्धा एकर. चार बोटं पाणी व्हायला सव्वादोन तास लागले.